भट्टी थंड असताना

१२ जून हा बालकामगारविरोधी दिन. त्या दिवशी ठिकठिकाणी प्रभातफेऱ्या निघतात, शपथा होतात, कामगार खात्याची पत्रके वाटली जातात. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूर भागात त्या तारखेला एकही वीटभट्टी चालू नसते. मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो, उरलासुरला कच्चा माल ताडपत्रीखाली गेलेला असतो आणि भट्टीवरची कातकरी कुटुंबे आपापल्या वाडीवर परतून गळक्या छपराच्या मागे लागलेली असतात. म्हणजे या भागात बालमजुरीचा निषेध करायला वर्षातला अगदी निर्धोक दिवस निवडला गेला आहे. दिवस जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ठरला, त्याला कोण काय करणार? पण मुंबई-पुण्यात ठरणाऱ्या तारखांचे काय?

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. मोठा गाजावाजा झाला, आकडा संशयास्पद कमी निघाला म्हणून स्वयंसेवी संस्थांनी आक्षेप घेतले. ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ ही शाळाबाह्य आणि स्थलांतरित मुलांसाठीची मोहीम २०२२ची, तीही जुलैमध्येच. शाळेची माहिती सरकारी प्रणालीत भरताना पटसंख्या धरली जाते ३० सप्टेंबरची, आणि शिक्षकांची संचमान्यताही त्याच पटावर होते. मार्च २०२१ची शोधमोहीम हा एक अपवाद. पण तेव्हा साथीमुळे पहिली ते चौथीचे वर्गच बंद होते. शाळेत कोण आणि शाळेबाहेर कोण, हे ठरवायचे कशावरून? अशा मोहिमांच्या सूचनांमध्ये वीटभट्ट्या, दगडखाणी, रेल्वे स्थानके यांची नावे असतातच. जुलैत वीटभट्टीवर गेलेल्या शिक्षकाला तिथे चिखल दिसतो, मूल दिसत नाही. तो ‘निरंक’ लिहितो, आणि ते खोटे नसते.

भट्टीचे पंचांग वेगळे आहे. भादव्यात, फार तर गणपतीच्या आसपास, मुकादम वाडीवर येतो. उचल देतो, म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीवर आगाऊ रक्कम. भातकापणी उरकली, खाचरे रिकामी झाली की दिवाळीनंतर टेम्पो येतो. भांडी, कोंबड्या, गोधड्या, पोरे सगळे त्यात चढते. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठच्या शेतांत, पनवेल-कल्याणकडे, कोणी कोळसा पाडायला त्याहून लांब. परत यायचे ते अक्षय्य तृतीयेनंतर, हिशेब झाल्यावर. हिशेबात पैसे निघाले तर ठीक, नाहीतर ‘अंगावर’ राहतात आणि पुढच्या हंगामाची उचल त्यांच्यावर चढते.

वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा कॅटलॉग मांडीवर घेऊन बसले की ही दोन पंचांगे शेजारी शेजारी दिसतात. जून ते ऑक्टोबर हजेरीच्या खुणांची गच्च ओळ. दिवाळीची सुट्टी. मग काही नावांपुढे गैरहजेरीचे आडवे फराटे, थेट एप्रिलपर्यंत. महाराष्ट्रात एक महिना सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य समजावे असा नियम आहे. तो लावला तर काही वाड्यांवर डिसेंबरात निम्मा वर्ग शाळाबाह्य ठरेल. नाव कमी केले तर पट घटतो, पट घटला की शिक्षक जातो आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या एकत्रीकरणाची चर्चा तर डोक्यावर आहेच. म्हणून नाव राहते आणि मूल वरच्या वर्गात जाते. मला यात गुरुजींची लबाडी दिसत नाही. नाव काढून टाकले असते तर त्या मुलाचा शाळेशी उरलेला एकमेव धागाही तुटला असता. पण त्यामुळे सरकारच्या दप्तरी ते मूल वर्षभर वर्गात बसलेले असते, हेही खरे.

आता ते भट्टीवर काय करते ते पाहू. भट्टीवर मजूर लावला जात नाही, जोडी लावली जाते: नवरा आणि बायको. मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांमागे. पहाटेच्या अंधारात गारा कालवायचा, त्यात तूस आणि राख मिसळायची, साचा भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. ऊन चढायच्या आत जितकी थापली तितकी कमाई. थापलेली वीट एक-दोन दिवसांनी कडेवर उभी करावी लागते, नाहीतर ती एका बाजूने वाळते आणि तडकते. ओल्या विटांच्या ओळींमधली फट अरुंद असते. मोठ्या माणसाचा पाय चुकला की कड मोडली आणि मोडलेली वीट मोजणीत धरत नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलीचे पाऊल त्या फटीत नीट बसते. ती उकिडवी चालत जाते, दोन्ही हातांनी वीट उचलते, कडेवर ठेवते, पुढची घेते. कडेवर धाकटा भाऊ नसेल तेव्हा. या कामाचा वेगळा दाम नाही. ते आईबापाच्या हजारात मिसळून जाते आणि शेठच्या वहीत फक्त बापाचे नाव असते. ‘आमच्याकडे एकही बालकामगार नाही’ असे शेठ सांगतो, तेव्हा वहीपुरते तो खरेच बोलतो.

कायदा इथेच घसरतो. १९८६चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना सरसकट सर्व कामांत बंदी आली. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, आणि गुन्हा दखलपात्र. वाचायला भक्कम. पण त्याच दुरुस्तीने एक खिडकी उघडी ठेवली: शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत मुलाने आपल्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या उद्योगात मदत केली तर चालेल. खिडकी शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरासाठी ठेवली, असे तेव्हा सांगितले गेले. वीटभट्टी ही कातकऱ्याच्या कुटुंबाचा उद्योग नव्हेच. माती दुसऱ्याची, विटा दुसऱ्याच्या, त्याचे फक्त कर्ज. तरी धाड पडलीच तर उत्तर तयार असते: ‘आईबापाबरोबर आलंय, खेळतंय.’ बालकामगार कायद्याची सारी रचना एक मूल, एक मालक आणि एक नोकरी अशी आहे. हॉटेलात कपबशा विसळणारा ‘छोटू’ त्यात सापडतो. इथे मालकाने मूल ठेवलेलेच नाही. त्याने सगळे घर उचलून आणले आहे.

गंमत अशी की हा प्रकार जुन्या सरकारला कळला होता. रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९३१च्या अहवालानंतर १९३३ मध्ये एक छोटासा कायदा झाला. आगाऊ पैसे घेऊन मुलाचे श्रम गहाण टाकण्याचा करार त्याने रद्दबातल ठरवला. असा करार करणाऱ्या पालकाला ५० रुपये दंड, पैसे देणाऱ्या मालकाला २०० रुपये. रकमा आज हास्यास्पद वाटतील, पण बोट बरोबर जागी ठेवलेले होते: मुलाच्या हातातल्या कामावर नव्हे, त्याच्या मागच्या उचलीवर. पुढे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने हेच व्यापक केले. उचलीपोटी राबवून घेणे गुन्हा, ते कर्ज आपोआप माफ आणि वेठबिगारी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीही वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली एक कातकरी मुलगी मरण पावली तेव्हा महाराष्ट्राला कळले की एक मेंढी आणि थोड्याशा रोकडीवर कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. चार दिवस बातम्या आल्या.

‘पालकच उदासीन आहेत’ हे या विषयावरचे सर्वांत लाडके वाक्य. तालुक्याच्या कोणत्याही बैठकीत ते ऐकू येते. ते तपासायला कर्जत-खालापूरइतकी सोयीची जागा नाही, कारण इथे दोन आदिवासी समाज शेजारी शेजारी राहतात. ठाकर आणि कातकरी. तेच डोंगर, तीच शाळा, तेच गुरुजी, तोच कायदा. ठाकराकडे बहुधा थोडी भातजमीन, वरकस, काहींकडे वनहक्काचा तुकडा असतो. घरचे भात असल्याने तो कुटुंबासह सहा महिने उठून जात नाही. कातकऱ्याकडे जमीन जवळपास नाही. कात पाडण्यावरून ज्यांना नाव मिळाले त्यांच्या हातून जंगल गेले, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्या आटल्या तशी वीट आली. त्याची वाडीसुद्धा पुष्कळदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी असते आणि फार्महाउसांमुळे जमिनीचे भाव चढल्यापासून ती कधी उठेल याचा नेम नाही. ठाकराची पोरे शाळेत टिकतात आणि कातकऱ्याची गळतात. हा फरक उदासीनतेचा म्हणायचा, तर उदासीनता सातबारा पाहून येते असेही मग म्हणावे लागेल.

याच मातीतल्या एका माणसाने शाळा आणि कर्ज यांची ही गाठ ऐंशी वर्षांपूर्वी ओळखली होती. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल सगळ्यांना आठवतात ते आझाद दस्त्यासाठी आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर आलेल्या हौतात्म्यासाठी. त्याआधी वकिली करताना त्यांनी कर्जत तालुक्यात दोन कामे जोडीने केली होती: गावोगाव स्वयंसेवी शाळा आणि धान्याची कोठारे. पावसाळ्यात घरातले भात संपले की शेतकरी-आदिवासी सावकाराच्या दारात जातो आणि तिथून सुटत नाही, म्हणून कोठार. शाळा आणि कोठार ही दोन खाती असल्याचे त्यांना कोणी सांगितले नसावे. पुढे १९८०च्या दशकात कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने याच भागात धान्य बँका चालवल्या, त्यामागे हाच विचार होता.

सरकारलाही हे सुचले नव्हते असे नाही. आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज १९७८ पासून होते; पावसाळ्यातली उपासमार आणि सावकार टाळणे हाच त्याचा हेतू. ते थकबाकीत बुडाले आणि बंद पडले. करोनाच्या वर्षी खावटी अनुदान म्हणून ते पुन्हा आले, कुटुंबाला ४ हजार रुपये: निम्मे खात्यात, निम्मे किराण्याच्या रूपात. निर्णय निघाला तो सप्टेंबर २०२० मध्ये, पाऊस सरत आलेला असताना. आज अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळते, त्यामुळे भाकरीची ददात पूर्वीइतकी नाही हे मान्य केले पाहिजे. गरज आता रोख पैशाची आहे: दवाखाना, बाळंतपण, लग्न, मोबाइल, काही घरांत दारू. दारूचा मुद्दा लपवण्यात अर्थ नाही. पण दारूसाठी कर्ज काढणारे शहरातही कमी नाहीत. त्यांच्या मुलीला कोणी त्या कर्जापोटी उचलून नेत नाही. आणि रोजगार हमी? ती आधी काम घेते आणि पैसे महिन्याने देते. मुकादम पैसे आधी देतो आणि काम दिवाळीनंतर घेतो. भर पावसात ताप आलेले पोर घेऊन बसलेली बाई यातले काय निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. मायरन वायनर यांनी १९९१च्या आपल्या पुस्तकात भारतीय सरकारला धारेवर धरले होते: गरिबी जाईल तेव्हा बालमजुरी जाईल हे थोतांड आहे; गरीब असतानाच अनेक देशांनी शिक्षण सक्तीचे केले आणि मुले कारखान्यांतून बाहेर आली. रंगारेड्डी जिल्ह्यात एम. व्ही. फाउंडेशनच्या शांता सिन्हा यांनी हेच करून दाखवले. शाळेत नसलेले प्रत्येक मूल बालकामगार समजा, गरिबीची सबब ऐकू नका, मुलाला काढा आणि शिबिरात घालून त्याच्या वयाच्या वर्गात पोहोचवा. हजारो मुले शाळेत गेली. हा आक्षेप झटकण्यासारखा नाही, आणि ‘आधी गरिबी हटवा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा नाही. ते म्हणणे पुष्कळदा काहीच न करण्याची सभ्य रीत असते. मात्र रंगारेड्डीत मुलाला शेतातून काढले तरी त्याचे घर गावात जागेवर होते. संध्याकाळी परतायला दार होते. इथे नोव्हेंबरात दारच टेम्पोत चढते. म्हणून सक्ती हवी, पण ती आईबापावर नव्हे, घर उचलणाऱ्यावर.

मुलाला मागे ठेवायचे असेल तर ठेवायचे कुठे? पाथरज, भालिवडी, डोलवली अशा शासकीय आश्रमशाळा या दोन तालुक्यांत आहेत, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली. त्यांच्याबद्दल वाडीवर दोन गोष्टी एकाच श्वासात सांगतात. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा आश्रमशाळेत असलेली वाडीवरची मुले वाचली. आणि राज्यातल्या आश्रमशाळांत पंधरा वर्षांत हजारावर मुले दगावल्याचे डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये दाखवले होते. साप, ताप, विहीर, कळलेच नाही अशी कारणे. आई पोरीला तिथे ठेवायला कचरते, ती अडाणी म्हणून नव्हे. तरीही मला आश्रमशाळा मोडीत काढावी असे वाटत नाही. तिची गळती एका ठरावीक ठिकाणी आहे आणि ती बुजवता येते. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी येते आणि नेमक्या त्याच आठवड्यात घर भट्टीवर निघते. सुट्टी संपते तेव्हा मुलाला परत पोहोचवणारे माणूस वाडीत उरलेले नसते. ज्या आश्रमशाळांच्या पटावर कातकरी मुले आहेत, त्यांनी ही सुट्टी पुढेमागे केली, किंवा अधीक्षकाने सुट्टीच्या शेवटी गाडी घेऊन वाडीवर जायचे ठरवले, तर खर्च डिझेलचा आहे.

भट्टीवर गेलेल्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. मूळ शाळेने ते द्यायचे, मुलाने न्यायचे, जवळच्या शाळेने दाखवून घ्यायचे. कल्पना चांगली, फक्त सगळा भार सर्वांत लहान माणसावर टाकलेला. याच्या उलट १९९०च्या दशकात वसई-ठाणे भागात विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची ती विटा रचून केलेली, वाकून आत शिरायची झोपडी. त्या शाळा मुलाची वाट पाहत बसल्या नाहीत, भट्टीवर गेल्या. सरकारने कौतुक केले. पण भोंगाशाळाही मुलगी भट्टीवर आल्यानंतरचा इलाज आहे. दुपारी पाढे म्हणणारी मुलगी पहाटे वीट उभी करूनच आलेली असते.

ऊसतोडीशी तुलना केली तर वीटभट्टी का निसटते ते दिसते. साखर कारखाना हलत नाही. त्याचे गाळप, टन, मजूर सगळे नोंदलेले असते. म्हणून साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, टनामागे आकारणी करून ऊसतोड कामगारांचे महामंडळही झाले. वीटभट्टी यंदा या शेतात, पुढच्या वर्षी त्या. मालक छोटा, धुराडे नाही, पाटी नाही. ‘भट्ट्या कुठे आहेत हेच कळत नाही,’ असे म्हणतात.

हे मात्र खरे नाही. विटांची माती हे गौण खनिज आहे. ती काढायला तहसीलदाराची परवानगी लागते, स्वामित्वधन भरावे लागते. कोणत्या गटात, किती ब्रास, कोणाच्या नावावर हे सगळे तहसील कचेरीत लिहिलेले असते. चोरटी माती उचलली तर दंड करायला तलाठी बरोबर पोहोचतो. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके महसुलाच्या एकाच उपविभागात आहेत, कर्जतच्या प्रांताधिकाऱ्यांकडे. आणि १९७६च्या कायद्याने वेठबिगारीवर लक्ष ठेवणारी उपविभागीय दक्षता समिती ज्यांच्या अध्यक्षतेखाली बसायची, ते प्रांताधिकारीच. मातीचा ब्रास मोजणारी यंत्रणा आणि त्या मातीवर राबणारे मूल शोधणारी यंत्रणा एकाच महसूल खात्यात आहे. पहिलीतून महसूल जमा होतो म्हणून ती चालते.

परवानगीच्या अर्जात तीन गोष्टी मागितल्या तर कोणताही कायदा बदलावा लागत नाही: किती जोड्या आणणार, कोणत्या वाडीवरून, बरोबर किती मुले. ती यादी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जावी आणि शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण जानेवारीत व्हावे. भट्टीवर मूल राबताना सापडले तर पुढच्या वर्षी त्या गटाला माती मिळणार नाही, एवढे एक वाक्य परवान्याच्या शर्तींत घालावे. ५० हजारांच्या दंडाची भीती शेठला नाही, कारण तो कधी होत नाही. माती थांबली तर हंगाम जातो. आणि भादव्यात मुकादमाच्या आधी वाडीवर पोहोचणारी खावटी पुन्हा सुरू करावी. कातकरी ही आदिम जमात असल्याने त्यांच्यासाठी २०२३च्या नोव्हेंबरपासून केंद्राची ‘पीएम-जनमन’ योजना आहे, तिच्यात घरे आणि रस्ते आहेत, पण पावसाळ्यातल्या रोख पैशावर भर नाही.

हे सगळे सरकार आपणहून करील असे मानण्याइतका मी भाबडा नाही. म्हणून कर्जत-खालापुरात राहणाऱ्या, किंवा शनिवार-रविवार तिथल्या बंगल्यावर जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. १० रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि दोनच गोष्टी मागा: गेल्या ३ वर्षांत वीटभट्टीसाठी दिलेल्या माती परवान्यांची गटनिहाय यादी, आणि त्याच ३ वर्षांतली उपविभागीय दक्षता समितीच्या बैठकांची इतिवृत्ते. पहिली यादी बहुधा लवकर मिळेल. दुसरी मिळेपर्यंत अपील करत राहा.